दाब वाढवण्याआधी

ऑपेरा हाऊसच्या चौकातून लॅमिंग्टन रोडकडे वळले की मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कुठल्या गाडीचे कुठले बेअरिंग कुठल्या खोक्यात आहे ते तोंडपाठ. या बाजाराने मुंबईच्या फियाट जगवल्या, अँबॅसिडर जगवल्या, मारुती आल्या तेव्हा त्यांनाही जागा करून दिली. गिरगावच्या चाळीखाली उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचे भाग कंपनीने बनवायचे थांबवून दहा वर्षे झाली तरी इथे कुणीतरी ते काढून देतो.

हल्ली या बाजारात नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. वय पंचविशी-तिशीचे, गाडी वडिलांची किंवा हौसेने घेतलेली, वीस-पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी. त्याला टर्बो बसवायचा असतो. त्याची हौस कुठून आली हेही कळण्यासारखे आहे. आज शोरूममध्ये एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन शंभर-सव्वाशे अश्वशक्ती देते. जुन्या गाडीचे दीड लिटरचे इंजिन तेवढीच ताकद मोठ्या मुश्किलीने देते. मग वाटते, आपल्याही इंजिनाला तो गोगलगाईसारखा पंखा जोडला तर?

टर्बो मिळायला अडचण नाही. परदेशी बनावटीचा संच मागवता येतो, कुर्ल्याच्या भंगार बाजारात मोडीत निघालेल्या डिझेल गाड्यांचे टर्बो मिळतात, मॅनिफोल्ड वेल्डिंग करून देणारे कारागीर तर मध्य मुंबईत जागोजागी आहेत. टर्बोची किंमत सगळे विचारतात. ज्या इंजिनावर तो बसणार त्याच्यात दम किती उरलाय, हे फार थोडे विचारतात. माझे म्हणणे सरळ आहे. टर्बो बसवायचा की नाही हे हौसेने ठरवू नये, इंजिनातून निघालेल्या आकड्यांनी ठरवावे. ते आकडे काढायला अर्धा दिवस आणि टर्बोच्या मानाने अगदी किरकोळ पैसे लागतात. ते न काढता झालेले नुकसान मात्र ब्लॉकला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकते.

टर्बो करतो काय, ते आधी पाहू. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून स्फोट मोठा. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची, तिचे पेटंट १९०५ सालचे. तिचा गाजलेला प्रयोग १९१८ साली अमेरिकेत झाला. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन विरळ हवेत २३० वर आले होते, टर्बो जोडल्यावर पुन्हा ३५० च्या पुढे गेले. म्हणजे टर्बोचे सुरुवातीचे मोठे काम डोंगरावर हरवलेली हवा परत मिळवून देण्याचे होते.

मुंबईत हवा हरवलेली नाही. आपण समुद्रसपाटीलाच आहोत. इथे टर्बो लावला की तो इंजिनाला त्याच्या हक्कापेक्षा जास्त हवा देतो. अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पीएसआय इतका माफक दाब वाढवला तरी सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा शिरू पाहते. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँकची बेअरिंगे, हेड गॅस्केट या सगळ्यांवर त्याच प्रमाणात भार वाढतो. या साखळीत जी कडी कच्ची असेल ती तुटते. ती कडी टर्बोने कच्ची केलेली नसते. ती आधीपासूनच कच्ची असते, रोजच्या दादर-फोर्ट फेऱ्यांत तिच्यावर कधी वेळ आलेली नसते, इतकेच.

पूर्ण नव्या इंजिनावरही हा खेळ सोपा नसतो. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची मोटार बाजारात आणली. टर्बो लावून विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक. इंजिनाचे कॉम्प्रेशन प्रमाण १०.२५ ला १ इतके चढे होते. त्यात टर्बोचा दाब घातल्यावर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडायची सोय केलेली होती. त्याची वेगळी टाकी भरत राहणे हे मालकाचे काम. मालकांनी ते केले नाही. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची मोहीम काढली. शेकडो अभियंते हाताशी असलेल्या कंपनीची ही कथा आहे. आपण तर पंचवीस वर्षे धावलेल्या इंजिनाबद्दल बोलतो आहोत.

मुंबईत जुन्या गाडीचा विषय निघाला की फियाटवर थांबावेच लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनलेली, पुढे १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी हे नाव घेतलेली ही गाडी. इंजिन १०८९ सीसी, ताकद ४० अश्वशक्ती. बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, आणि क्रँकला आधार फक्त तीन बेअरिंगांचा. पुढच्या काळातल्या चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत तो आधार पाच ठिकाणी असतो. तीन बेअरिंगांच्या मधे क्रँकचा मोठा भाग अधांतरी फिरतो. चाळीस अश्वशक्तीला तो पुरतो. साठ-सत्तर झाल्या की वाकू लागतो, मग बेअरिंगांचे शेल एका बाजूने झिजतात. त्यात ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. एखाद्याने फियाटच्या इंजिनाची ताकद दीडपट केलीच, तरी ती गाडी थांबवायची कशाने? फियाटला टर्बो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग तिची तपासणी कितीही चांगली येवो.

त्याला आणखी एक कारण आता जोडले गेले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि फार मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. साठच्या आणि सत्तरच्या दशकातल्या कितीतरी फियाट आता या वयात पोचल्या आहेत. अशा गाडीचे बॉनेट उघडल्यावर आत वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड आणि टर्बो दिसला तर ‘मूळ रूप’ कुठे राहिले? शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. ज्या खासगी पद्मिनी उरल्या आहेत त्या जशा आहेत तशा टिकाव्यात.

टर्बोचे नसले तरी जुन्या इंजिनांना नव्या तऱ्हेने खाऊपिऊ घालण्याचे एक प्रचंड प्रकरण याच शहरात घडून गेले आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९९९ साली धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून धुरावर उपाय सुचवण्यासाठी लाल समिती नेमली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. परळ-लालबागच्या गल्ल्यांमधल्या मिस्त्र्यांनी तेव्हा एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकली: किट बसवल्यापासून गाडीचा पिकअप गेला, सकाळी चालू होत नाही, चढावर दम टाकते. थोडी ताकद गॅसमुळे जातेच, कारण सिलिंडरमधली हवेची काही जागा गॅस घेतो. पण त्याच मॉडेलची शेजारची टॅक्सी त्याच किटवर धडधाकट पळत असे. फरक इंजिनाच्या तब्येतीचा होता. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, पेट्रोलवर कसेबसे चालणारे प्लग आणि कॉइल तिथे उघडे पडत. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या सीटला जो थोडाफार ओलावा मिळे तो कोरड्या गॅसमध्ये मिळत नसे, त्यामुळे आधीच झिजलेल्या सीट लवकर बसत. शहाणे मिस्त्री किट बसवायच्या आधी टॅपेट, प्लग आणि कॉम्प्रेशन बघून घेत, गरज असेल तर हेडचे काम आधी करायला लावत. टर्बोच्या बाबतीत तोच शहाणपणा दसपट लागतो, कारण गॅसने ताकद थोडी कमी होत होती आणि टर्बोने ती वाढणार आहे.

परळला एका गल्लीतल्या गॅरेजात अशी तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. गाडी दोन हजार सालातली एक सेडान, मालक तरुण मुलगा. मिस्त्री साठीच्या पुढचे, बापाच्या वयाचे. टर्बोचा संच खोक्यात बंद, गाडीच्या मागच्या सीटवर.

“काका, गाडी एक नंबर पळते,” मुलगा म्हणाला.

“पळते ते दिसतंय रे. हजार किलोमीटरला तेल किती टाकतोस?”

मुलाला सांगता येईना. सर्व्हिसिंगच्या वेळी काय ते टाकतात, एवढेच त्याला ठाऊक. मिस्त्र्यांनी ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. बॉनेट उघडण्याआधी विचारायचे प्रश्न असे असतात आणि त्यांच्या उत्तरांतून निम्मे निदान होते. तेल किती खाते? सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर येतो का, आणि कुठल्या रंगाचा? रात्रभर उभी राहून चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा लोट येत असेल तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडमधून तरी जाते किंवा रिंगांमधून तरी. गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट गेली म्हणतात. मुंबईत तसे लगेच म्हणू नये. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, आतली वाफ झाकणाला धरते. गाडी तासभर महामार्गावर पळवून आणल्यावरही तो चिकटा राहिला तर मात्र काळजी करावी.

मग गाडी सायनपर्यंत नेऊन आणली, कारण कॉम्प्रेशन गरम इंजिनावरच बघायचे असते. थंड इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट वेगळी असते. आल्यावर फ्यूज काढून पेट्रोल पंप आणि इग्निशन बंद केले, चारही प्लग काढले आणि क्रमाने एका फडक्यावर मांडले. ते प्लग हाच पहिला पुरावा. तीन प्लगांची टोके कोरडी, फिकट तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगावर ओलसर काळी राख. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त तो प्लग जरा बाजूला सरकवून ठेवला.

गेज पहिल्या सिलिंडरच्या भोकात बसवून त्यांनी मुलाला आत बसायला सांगितले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, आणि मग स्टार्टर. ही गोष्ट घाईत विसरली जाते. ॲक्सिलरेटर न दाबता हवेची झडप बंद राहिली तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. बॅटरीही भरलेली हवी. नाहीतर चौथ्या सिलिंडरपर्यंत स्टार्टर मंदावतो, आकडा पडतो आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. काटा पहिल्या फेरीत केवढा उडी मारतो आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर कुठे थांबतो, दोन्ही आकडे ते वहीत लिहीत होते. चांगल्या रिंगा पहिल्याच फेरीत मोठा दाब देतात. झिजलेल्या रिंगा हळूहळू चढत जातात.

पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर एकशेसत्तरच्या आसपास. तिसरा एकशेचाळीसच्याही खाली.

पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन प्रमाणानुसार दीडशे ते एकशेऐंशी पीएसआय हा निरोगी आकडा धरतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही आकडे एकमेकांना धरून असले पाहिजेत. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात दहा ते पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. इथे तो वीस टक्क्यांच्या आसपास होता. जाता जाता, हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, तीच गाडी तपासली तर हवाच विरळ असल्यामुळे आकडा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी येईल आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल. मुंबईकराला ही सवलत नाही. इथे कमी आला तो कमीच.

पुढे तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा तीच चाचणी. तेल रिंगांच्या भोवती पसरते आणि तात्पुरती गळती बुजवते. तेलानंतर आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली असतील तर त्यांच्या मधल्या गॅस्केटवर संशय घ्यायचा. इथे आकडा चढला, पण पूर्ण नाही. म्हणजे थोडे रिंगांचे, थोडे आणखी कशाचे. अशा वेळी खरे उत्तर देते ती लीक-डाऊन चाचणी.

ही चाचणी आपल्याकडे फार कमी गॅरेजात होते, याचे मला वाईट वाटते, कारण लागतात दोन गेज, एक बारीक छिद्राची नळी आणि एक काँप्रेसर. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा जागी इंजिन आणून ठेवायचे आणि प्लगच्या भोकातून हवा सोडायची. पहिल्या गेजवर शंभर पीएसआय. दुसऱ्या गेजवर जेवढे कमी दिसतील तेवढे टक्के हवा गळते आहे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उत्तम, विसाच्या पुढे गेले तर झीज झालेली, तिसाच्या पुढे गेले तर इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. पण या चाचणीची खरी ताकद आकड्यात नाही, कानात आहे. हवा कुठून सुटते ते ऐकायचे. सायकलवाला ट्यूब पाण्याच्या पाटीत बुडवून पंक्चर शोधतो, तशी ही शोधाशोध. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टर काढून तिथे ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरचे झाकण उघडल्यावर पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. मिस्त्री आधी गाडीच्या मागे जाऊन वाकले, मग पुढे येऊन तेलाच्या भोकाला कान लावला. आवाज दोन्ही ठिकाणी होता. मग त्यांनी मुलालाही वाकून ऐकायला लावले.

गिरणगावात ही ऐकण्याची विद्या जुनी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतली कितीतरी हुशार माणसे वेगवेगळ्या कामांना लागली. साच्याच्या खडखडाटात एका बेअरिंगचा बिघडलेला सूर ओळखणारे फिटर ज्या वस्तीत राहत, तिथल्या गॅरेजांत लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज आणि क्रँकचा आवाज वेगळा करणारी माणसे असावीत, यात नवल नाही. मला या विद्येबद्दल मनापासून आदर आहे. पण टर्बोच्या बाबतीत नुसता कान पुरत नाही. पाच टक्के गळती आणि पंधरा टक्के गळती यांतला फरक धावत्या इंजिनाच्या आवाजात येत नाही. कान जागा दाखवतो, प्रमाण गेज सांगते, आणि टर्बोसाठी दोन्ही लागतात.

रिंगांची गळती टर्बोला विशेष वावडी का, तेही समजून घ्यायला हवे. रिंगांमधून निसटलेला वायू खाली तेलाच्या टाकीत शिरतो आणि तिथला दाब वाढवतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर आणि त्याहून जास्त फेरे फिरतो. त्याला आधार असतो इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या पातळ थराचा, आणि ते तेल नुसत्या उताराने परत टाकीत जाते. टाकीतच दाब वाढलेला असेल तर तेल परत जाऊ शकत नाही, टर्बोत साचते आणि सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरते. निळ्या धुराचा लोट येतो. मालक म्हणतो टर्बो खराब निघाला. तो बदलतो. दुसऱ्या टर्बोचेही तेच होते.

याच कारणाने तेलाचा दाब वेगळा मोजायला हवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाचा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तो इशारा म्हणून कामाचा, तपासणी म्हणून निरुपयोगी. दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी काट्याचे गेज लावायचे आणि पूर्ण तापलेल्या इंजिनावर बघायचे. दर हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पीएसआय हा जुना, भरवशाचा ठोकताळा आहे. आयडलला काटा तळाशी लोळत असेल तर क्रँकची बेअरिंगे ढिली झाली आहेत असे समजावे. जाड तेल टाकून तो आकडा वर आणायची युक्ती आपल्याकडे सर्रास होते. त्याने आकडा सुधारतो, बेअरिंग नाही.

आणि उष्णता. प्रभादेवीचा जुना पूल पाडायला घेतल्यापासून संध्याकाळी दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर गाड्या किती वेळ उभ्या असतात ते या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उभ्या गाडीत इंटरकूलरला वारा मिळत नाही आणि टर्बोचे लालबुंद घर बॉनेटखाली तापत राहते. तिथे कूलिंगची व्यवस्था शंभर टक्के हवी. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत नेमकी तीच बिघडवलेली असते. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, फॅन थेट बॅटरीला जोडायचा आणि कूलंटऐवजी नळाचे पाणी भरायचे, हा पिढीजात उपाय. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल तेलात उतरत राहते, बोअर झिजतात. नळाच्या पाण्याने ब्लॉकच्या आतल्या वाटा गंजाने अरुंद होतात. रेडिएटर नवा घातला तरी या वाटा आतून बुजलेल्याच राहतात. परळच्या त्या गाडीतही थर्मोस्टॅट नव्हता. तो केव्हा आणि कुणी काढला, हे कुणालाच माहीत नव्हते.

पेट्रोलचीही बाजू आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे पेट्रोल अकाली भडकण्याची प्रवृत्ती कमी होते, ही टर्बोला चांगली गोष्ट. पण इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते, आणि जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या व सील त्याला तोंड देण्यासाठी बनलेले नसतात. दाबाखाली हवा भरपूर आणि इंधन अपुरे, अशी अवस्था काही क्षण जरी आली तरी पिस्टनचा माथा वितळू शकतो. म्हणून पंप किती लिटर देतो ते मोजायचे, इंजेक्टर काढून चारांचा फवारा सारखा आहे का ते बघायचे, नळ्या सरसकट नव्या घालायच्या.

एवढे सगळे करून तपासणी पास झाली तरी कायद्याचा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून हा विषय लिहिणे मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडी पुन्हा नोंदवायला आरटीओत तपासणीला न्यावी लागते तेव्हाही हा बदल आड येणार. अपघात झाला तर विमा कंपनी बॉनेट उघडून पाहणार. कागदोपत्री न नोंदलेल्या टर्बोवर रस्त्यात गाडी चालवणे म्हणजे स्वतःचा विमा धोक्यात घालणे. ज्याला हा नाद करायचाच आहे त्याने बंदिस्त धावपट्टीसाठी वेगळी गाडी बांधावी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यती होतात. तिथे ट्रेलरवरून गाडी नेणारे लोक आहेत, आणि तीच रीत बरोबर आहे.

परळच्या गाडीचे हेड त्याच आठवड्यात उतरले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्ली गेली होती. त्याच पिस्टनची तेलाची रिंग कार्बनने खाचेत घट्ट बसलेली, बोटाने हलेना. बोअरच्या भिंतीवरची तिरपी जाळीदार रेघ तीन सिलिंडरांत अजून दिसत होती, तिसऱ्यात वरच्या बाजूला पुसून आरसा झाला होता. अशा इंजिनाला सात पीएसआयचा दाब दिला असता तर तो व्हॉल्व्ह किती दिवस टिकला असता, हे मुलाने विचारले. मिस्त्र्यांनी उत्तर न देता जळका व्हॉल्व्ह त्याच्या हातात ठेवला.

काम ठरले ते असे: हेड फेसिंगला, सगळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाइडचे सील नवे, ब्लॉक एक साइज बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, क्रँकची बेअरिंगे नवी, ऑइल पंप उघडून तपासायचा, थर्मोस्टॅट परत जागेवर. पिस्टन कंपनीच्याच धर्तीचे, साधे. टर्बोसाठी बांधायचे असते तर पिस्टन फोर्ज्ड घ्यावे लागले असते आणि रिंगांच्या टोकांमधली फटही वाढवून ठेवावी लागली असती, कारण जास्त उष्णतेत रिंग फुगते, टोके एकमेकांना भिडली तर ती पिस्टनची कडच मोडून काढते. एकदा बांधलेल्या इंजिनात हा विचार मागून घालता येत नाही. मुलाने साधे बांधायला सांगितले. टर्बोचे खोके त्याने घरी नेले.

बांधलेले इंजिन पहिले पाचशे किलोमीटर आरामात चालवायचे, पण एकाच वेगाने नाही, वेग कमीजास्त करत, म्हणजे रिंगा बोअरमध्ये नीट बसतात. पाचशेला तेल आणि फिल्टर बदलायचा, फिल्टर कापून आत धातूचे कण चमकतात का ते बघायचे. दीड हजार किलोमीटरला पुन्हा गरम इंजिनावर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, लीक-डाऊन आणि तेलाचा दाब, त्याच गेजने, त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात. चारही आकडे पाच टक्क्यांच्या आत आणि गळती दहा टक्क्यांच्या आत आली तर काम नीट झाले.